घर बदलल्यानंतर कर्जाच्या अर्जात पत्ता कोणता लिहावा?

खरिपाचा हंगाम जवळ आला म्हणजे पीककर्जाच्या अर्जांची लगबग सुरू होते. सातबारा, आठ-अ, आधार आणि बेबाकीचे दाखले यांची जुळवाजुळव करताना शेतकरी जमिनीचे क्षेत्र व कर्जाची रक्कम यांविषयी बारकाईने चौकशी करतो. पत्त्याची ओळ मात्र सवयीने भरली जाते. ज्याचे घर तीन पिढ्या एकाच गावठाणात आहे त्यास यात काही अडचण नाही. अडचण येते ती घर हलविलेल्या कुटुंबास. कोणी गावठाणातील पडके घर सोडून शेतावर वस्ती करतो, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी बिऱ्हाड नेतो, तर कोणाचे गावच धरणाच्या पाण्याखाली जाऊन नव्या जागी वसते. अशा कुटुंबाने कर्ज मागताना जुना पत्ता द्यावा, की ज्याचा पुरावा अद्याप हाती आलेला नाही असा नवा पत्ता द्यावा, हा प्रश्न ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि सेवा सोसायटीचे गटसचिव यांच्यापुढे वरचेवर येतो.

याचे उत्तर निश्चित आहे. अर्जावर सही करण्याच्या दिवशी अर्जदार ज्या घरात खरोखर राहत असेल, तोच त्याचा राहण्याचा पत्ता होय. पुरावा जुन्या घराचा आहे एवढ्याच कारणाने जुने घर राहण्याच्या पत्त्यात लिहू नये. पुराव्याची उणीव भरून काढण्याचे मार्ग नियमांत आहेत. खोट्या पत्त्याने होणारे नुकसान मात्र पुढे भरून काढणे कठीण असते.

घर, मूळ घर आणि जमीन

बहुतेक घोटाळा तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे होतो. राहण्याचा पत्ता म्हणजे टपालवाला आणि बँकेचा माणूस अर्जदारास जेथे गाठू शकेल ते घर. कायमचा पत्ता म्हणजे अर्जदाराचे मूळ घर, जेथे त्याचे कुटुंब किंवा भाऊबंद आहेत आणि जेथून त्याचा ठावठिकाणा लागू शकेल. जमिनीचा पत्ता म्हणजे सातबाऱ्यावरील गाव, तालुका, जिल्हा आणि भूमापन किंवा गट क्रमांक.

बार्शी तालुक्यातील एखाद्या गावी चार एकर जमीन असलेला शेतकरी बार्शी शहरात भाड्याने राहू लागला, असे समजा. त्याने राहण्याच्या पत्त्यात शहरातील घर, कायमच्या पत्त्यात गावातील वडिलोपार्जित घर आणि जमिनीच्या तपशिलात गावाचे नाव व गट क्रमांक लिहावा. गावातील घर त्याने विकून टाकले असेल, तर ते कायमच्या पत्त्यातही लिहू नये. ज्या घराशी संबंध उरला नाही ते कायमचे कसे म्हणावे? अशा वेळी दोन्ही रकान्यांत नवे घर लिहावे.

शेतकऱ्यास येथे एक भीती वाटते, आणि ती निराधार आहे असे म्हणून उडवून लावणे बरोबर नाही. शहरातील पत्ता दिला तर गावासाठी नेमलेली शाखा पीककर्ज नाकारील, असे त्यास वाटते. पीककर्जाच्या वाटपासाठी गावे बँकशाखांकडे दत्तक दिलेली असतात हे खरे. परंतु तेथे पाहिले जाते ते जमिनीचे गाव. कर्ज पिकासाठी आहे, तारण असल्यास बोजा त्या गावच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत चढणार आहे आणि पीकपाहणीही तेथलीच होणार आहे. म्हणून गावच्या शाखेकडे अर्ज करण्यासाठी राहण्याचा पत्ता गावचा दाखविण्याची गरज नसते. सेवा सोसायटीच्या बाबतीत मात्र सभासदत्वाच्या अटी संस्थेच्या उपविधींत लिहिलेल्या असतात. घर कार्यक्षेत्राबाहेर गेले तरी जमीन कार्यक्षेत्रात असल्यास सभासदत्व राहते किंवा कसे, हे गटसचिवाकडून उपविधी वाचून घेऊनच ठरवावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

याच्या उलट चूकही होते. सातबारा हा राहण्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. सातबाऱ्यावरून जमीन कोणाची आहे हे कळते. मालक कोठे राहतो हे कळत नाही. नावाच्या साम्यामुळेही गोंधळ होतो. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडील, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडील, आठ-अ हा जमिनीच्या खात्याचा उतारा आहे; ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घराच्या कर आकारणीचा उतारा आहे. घरासंबंधी कागद मागितला असता आठ-अ नेऊन दिला, की एक खेप फुकट जाते.

मुक्काम आणि पोस्ट

पत्ता खरा असूनही अपुरा असू शकतो. खेड्यातील पत्ता लिहिताना गावाच्या नावामागे ‘मु. पो.’ ही दोन अक्षरे आपोआप पडतात. वास्तविक मुक्काम आणि पोस्ट एकाच गावी असेल तेव्हाच ती जोडून लिहावयाची असतात. गावात टपालघर नसेल, तर ‘मु.’ पुढे स्वतःचे गाव किंवा वाडी आणि ‘पो.’ पुढे टपालघराचे गाव, असे वेगळे लिहिले पाहिजे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तो टपालघराचा क्रमांक आहे, गावाचा नव्हे. गावठाणातून शिवाराच्या दुसऱ्या टोकास वस्तीवर गेलेल्या कुटुंबाचे टपाल दुसऱ्या टपालघरातून येऊ लागले असेल, तर त्याचा पिनकोडही बदलू शकतो. गाव तेच असल्यामुळे हा बदल कोणाच्या लक्षात येत नाही.

ज्या गावात एका आडनावाची चाळीस घरे आहेत, तेथे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही जुळणारी दोन माणसे सापडणे नवलाचे नाही. त्यांच्या पत्त्यात केवळ गाव, तालुका आणि जिल्हा एवढेच असेल, तर कागदावर ती दोघे एकच दिसतात. म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतील मिळकत क्रमांक, वस्तीचे नाव आणि जवळची खूण पत्त्यात लिहावी. गल्लीस नाव नाही म्हणून ओळ कोरी सोडू नये; ‘मारुती मंदिरामागे’ एवढेही उपयोगी पडते.

नव्या घराचा पुरावा नसेल तेव्हा

रिझर्व्ह बँकेच्या ‘आपला ग्राहक ओळखा’ या निर्देशांनुसार ओळखीचे व पत्त्याचे मुख्य कागद ठरलेले आहेत: पासपोर्ट, वाहन चालविण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र, आधार, राज्य शासनाच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉबकार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र. यांपैकी हाती असलेल्या कागदावर जुनाच पत्ता असेल, तर नव्या पत्त्यासाठी काही दुय्यम कागद चालतात. वीज, टेलिफोन, नळाचे पाणी किंवा नळाचा गॅस यांचे दोन महिन्यांहून जुने नसलेले बिल आणि मालमत्ता कराची पावती हे त्यांतले शेतकऱ्याच्या उपयोगाचे. मात्र ही सवलत तात्पुरती आहे. असा कागद दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत नव्या पत्त्याचा मुख्य कागद बँकेस सादर करावा लागतो.

विजेच्या बिलासंबंधी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कृषिपंपाचे बिल विहिरीचे आहे, घराचे नव्हे. आणि अनेक घरांत वीजजोडणी अजून वारलेल्या आजोबांच्या नावे असते. असे बिल बँक स्वीकारीलच असे नाही. नव्या घरात राहावयास गेल्यावर घरपट्टीची नोंद आणि वीजजोडणी स्वतःच्या नावे करून घेणे हे कर्जाची गरज पडण्याआधीच उरकावयाचे काम आहे. हंगामाच्या तोंडावर ते होत नाही.

आधारच्या साहाय्याने बँकेत ओळख पटविली जात असता चालू पत्ता आधारच्या केंद्रीय नोंदीतील पत्त्याहून वेगळा असेल, तर अर्जदारास तसे स्वयंघोषणापत्र देता येते. ‘आधारवर जुना पत्ता आहे, तर अर्जातही तोच लिहा’ असा सल्ला कोठे दिला गेला, तर या तरतुदीची आठवण नम्रपणे करून द्यावी. अर्थात आधारमधील पत्ता बदलून घेणे हाच पक्का उपाय होय. भाड्याने राहणाऱ्यास नोंदणीकृत भाडेकरार त्यासाठी उपयोगी पडतो. ज्याच्या नावे घराचा कोणताच कागद नाही, त्याच्यासाठी जानेवारी २०२३ पासून आणखी एक वाट खुली झाली आहे. कुटुंबप्रमुखाच्या आधारवरील पत्ता, नात्याचा पुरावा आणि त्या कुटुंबप्रमुखाची संमती यांच्या आधारे घरातील व्यक्तीस आपला पत्ता बदलता येतो. वृद्ध आईवडील आणि शिकणारी मुले यांना ही सोय विशेष उपयोगी आहे.

लग्न होऊन सासरी आलेल्या स्त्रियांचा प्रश्न दुहेरी असतो. त्यांचा पत्ता बदलतो आणि बहुधा नावही बदलते. बचत गटामार्फत किंवा स्वतःच्या नावे कर्ज मागताना आधारवर माहेरचे नाव, बँकेच्या पुस्तकावर सासरचे नाव आणि पत्ता तिसऱ्याच ठिकाणचा, अशी स्थिती झाली म्हणजे अर्ज अडतो. नाव बदलले असले तरी जुन्या नावाचा मुख्य कागद राज्य शासनाने दिलेल्या विवाह नोंदणी प्रमाणपत्रासह किंवा राजपत्रातील प्रसिद्धीसह ग्राह्य धरला जातो. विवाहाची नोंद झालेलीच नसेल, तर तेथपासून सुरुवात करावी लागते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने गटाच्या बैठकीत प्रत्येक सभासद स्त्रीचे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर कर्जप्रकरणाच्या वेळी होणाऱ्या निम्म्या खेपा वाचतील.

जुने कर्ज चालू असताना

नव्या अर्जावर पत्ता बरोबर लिहिला, पण जुन्या कर्जाच्या दप्तरी पूर्वीचाच राहू दिला, तर काम अर्धेच झाले. खरे नुकसान येथे होते. बँकेस दिलेल्या कागदांत बदल झाल्यास तो बदल झाल्यापासून ३० दिवसांच्या आत बँकेस कळवावयाचा असतो. केवळ पत्ता बदलला असेल, तर ग्राहकाने स्वतःच्या घोषणेने तो कळविला तरी चालते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत बँक पत्र पाठवून किंवा माणूस पाठवून त्या पत्त्याची खात्री करून घेते. म्हणून घोषणेनंतर काही दिवस घरी कोणी तरी असावे आणि शेजाऱ्यांस नाव ठाऊक असावे. नवख्या वस्तीत हे सांगून ठेवावे लागते.

बँकेस कळविले म्हणजे सोसायटीस कळविले असे होत नाही. गावची प्राथमिक सेवा सोसायटी रिझर्व्ह बँकेच्या थेट नियंत्रणाखाली नाही. तिचे दप्तर वेगळे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ प्रमाणे संस्थेने ठेवावयाच्या सभासद नोंदवहीत प्रत्येकाचे नाव, पत्ता आणि व्यवसाय यांची नोंद असते. ती नोंद बदलून घेण्यासाठी संस्थेकडे निराळा अर्ज दिला पाहिजे. ट्रॅक्टर, दुचाकी किंवा सोने यांवर खाजगी वित्तसंस्थेचे कर्ज असेल, तर तेथेही. जामीनदार घर बदलतो तेव्हा त्यानेही हेच करावे, कारण थकबाकीची नोटीस त्यालाही जाते.

पत्त्याला एवढे महत्त्व का द्यावयाचे, हे व्याजाच्या आकड्यांवरून कळेल. केंद्र शासनाच्या व्याज सवलत योजनेत २०२५-२६ या सालाकरिता किसान क्रेडिट कार्डावरील ३ लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीककर्जास दरसाल ७ टक्के व्याज होते आणि मुदतीत परतफेड करणाऱ्यास आणखी ३ टक्के सवलत. १ लाख रुपयांच्या वर्षभराच्या कर्जावर ही सवलत ३,००० रुपये होते. मुदत जवळ आल्याचे पत्र सोडून दिलेल्या घरी गेले, भ्रमणध्वनीचा क्रमांकही बदललेला असला आणि भरणा आठ दिवसांनी चुकला, तर पैसे हातात असूनही हे तीन हजार जातात. कर्ज थकीत झाले म्हणजे पुढच्या हंगामाचे कर्जही अडते.

याहून गंभीर बाब नोटिशीची आहे. ‘मला नोटीस मिळालीच नाही’ हे म्हणणे नेहमी उपयोगी पडत नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमधील कलम २७ चे तत्त्व असे की, एखादा कागद टपालाने बजावण्याची मुभा कायद्यात असेल, आणि तो योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून, नोंदणीने पाठविला असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत तो पोहोचला असे धरले जाते. कर्जदाराने स्वतःच सही करून दिलेला पत्ता दप्तरी कायम असेल, तर तो पत्ता चुकीचा होता हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच येऊन पडतो. उलट, पत्ता बदलल्याच्या अर्जाची पोच त्याच्यापाशी असेल, तर त्याचे म्हणणे ऐकले जाण्यास आधार मिळतो. यासाठी अर्ज दोन प्रतींत करावा. त्यात कर्जखाते क्रमांक, जुना पत्ता, नवा पत्ता, राहण्यास गेल्याची तारीख आणि भ्रमणध्वनी क्रमांक लिहावा. एका प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन ती सातबाऱ्याच्या कागदांबरोबर जपून ठेवावी. तोंडी सांगणे म्हणजे कळविणे नव्हे. शाखेतील ओळखीचा साहेब बदलून जातो, दप्तर तेथेच राहते.

पतनोंदीविषयीची भीती

अलीकडे शेतकऱ्यांत असा समज पसरला आहे की, पत्ता वारंवार बदलला म्हणजे ‘सिबिल खराब होते’. सिबिल हे वास्तविक एका संस्थेचे नाव. भारतात कर्जदारांची पतमाहिती ठेवणाऱ्या ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार संस्था आहेत. त्यांचे कामकाज २००५ च्या कायद्यान्वये चालते. पतगुण ठरतात ते हप्ते वेळेवर भरले किंवा नाही, कर्ज किती आहे, नवी कर्जे किती मागितली, यांवरून. पत्त्यास गुण नाहीत. बँका कळवितात ते जुने व नवे पत्ते अहवालात एकाखाली एक नोंदलेले राहतात. जुना पत्ता दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

मात्र माणूस ओळखण्यासाठी या संस्था नाव, जन्मतारीख, पॅन, भ्रमणध्वनी आणि पत्ता यांचा मेळ घालतात. म्हणून एकाच गावातील सारख्या नावाच्या दोघांपैकी एकाचे थकीत कर्ज दुसऱ्याच्या अहवालात शिरण्याचा संभव असतो. वर्षातून एकदा प्रत्येक संस्थेकडून आपला पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून पत्त्यांची यादी वाचावी. जेथे कधीही राहिलो नाही अशा जागेचा पत्ता त्यात दिसला, तर ती साधी चूक समजून सोडून न देता त्याच्याबरोबर एखादे परके कर्जही आले आहे काय, हे पाहावे. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत तिचे निवारण झाले पाहिजे. न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२३ साली केली असून ती २०२४ पासून अमलात आहे.

घर न हलता बदललेले पत्ते

काही कुटुंबांनी उंबरा ओलांडलेला नसतो, तरी पत्ता बदलतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. औरंगाबाद व उस्मानाबाद ही नावे २०२३ साली छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. अहमदनगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले. येथे नव्या अर्जात नवे नाव लिहावे आणि जुन्या कागदावर जुने नाव असल्यास ‘पूर्वीचा जिल्हा अमुक’ असे कंसात नमूद करावे. कागद चुकीचा आहे अशी शंका तेवढ्याने मिटते.

पुनर्वसित गावांत याहून जास्त काळजी घ्यावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीसारखी गावे जुनेच नाव घेऊन नव्या जागी वसली. अशा ठिकाणी नाव एकच आणि जागा दोन, असे होते. धरणग्रस्तांच्या बाबतीत उलट घडते: घर एका तालुक्यात, मिळालेली जमीन दुसऱ्या गावी आणि पाण्याखाली न गेलेली थोडी जमीन मूळ गावी. त्यांनी राहण्याच्या पत्त्यात नव्या गावठाणातील भूखंड क्रमांक अवश्य लिहावा आणि दोन्ही ठिकाणची जमीन स्वतंत्र ओळींत दाखवावी. बुडालेल्या गावचा पत्ता कायमचा पत्ता म्हणून देण्याची प्रथा काही घरांत अद्याप दिसते. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे, पण तेथे टपाल जात नाही.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचे घर हलत नाही, माणसे हलतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून ती दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. कारखान्याच्या तळावरील कोपी हा त्यांचा राहण्याचा पत्ता लिहू नये. गावचेच घर लिहावे. मात्र ज्या महिन्यांत घराला कुलूप असते त्याच महिन्यांत बँकेची पत्रे येतात. म्हणून निघण्यापूर्वी भ्रमणध्वनीचा क्रमांक शाखेत व सोसायटीत तपासून घ्यावा, गावी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांस आलेले प्रत्येक पत्र उघडून वाचून घेण्यास सांगावे आणि परतफेडीची तारीख गटसचिवाकडून लिहून घेऊन बरोबर न्यावी.